बाबांचा शेरा

बाबांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा सुतळीचं वाजवणं जेमतेम अर्ध्यावर आलं होतं.

खरं म्हणजे अर्ध्यावर येऊन अडलं होतं. त्या रचनेत एक जागा अशी होती, की दोन्ही हात पियानोच्या पट्ट्यांवरून उचलायचे, सगळं गप्प होऊ द्यायचं आणि मग डाव्या हाताने एकट्यानेच पुढची वाट धरायची. सुतळीने हात उचलले. सगळं गप्प झालं. उजवीकडे, मागच्या रांगेत, कुणाची तरी खुर्ची करकरली आणि तिला एकदम जाणवलं, की इथे माणसं बसली आहेत. डावा हात निघेना. तिने तो मांडीवर घेतला, मग उजवाही घेतला, आणि ती नुसती बसून राहिली. त्या गप्पपणात पहिल्या रांगेतून टाळ्या आल्या. एकाच माणसाच्या, पण दणदणीत आणि मनापासूनच्या.

तिला आधी वाटलं, थट्टा चाललीय. पण बाबा एरवी कशाचीही थट्टा करतील, पियानोची करणार नाहीत. उभा जन्म त्यांनी लोकांच्या पियानोंच्या तारा जुळवण्यात घालवला होता. तिने मान वळवली. बाबा हसत होते आणि कौतुकाने मान हलवत टाळ्या वाजवत होते. त्यांच्या शेजारी काकांचं तोंड उघडं पडलं होतं. आत्याचा हात कपाळाकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दादाने मात्र डोळे गच्च मिटून घेतले होते, आणि सुतळीला सगळ्यात आधी भीती वाटली ती त्या मिटलेल्या डोळ्यांची.

मग बाबांच्याही लक्षात आलं, की आपल्याखेरीज कुणाचेच हात हलत नाहीत. त्यांनी काकांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. मग सुतळीच्या डोक्यावरून पलीकडे, आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दारात आई होती, पण पाठमोरी.

"संपलं ना?" बाबांनी विचारलं. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती, आणि त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे जाईल एवढा मोठा होता.



ही रविवारची बैठक मुळात आत्याच्या डोक्यातून निघाली होती. सुतळी दोनदा स्टेजवरून उठून आली होती, ते घरात सगळ्यांना पाठ होतं. पहिल्यांदा वाजवायला सुरुवात करण्याआधीच, आणि दुसऱ्यांदा पाचेक मिनिटांत. एकटी असली की तिचे हात पाण्यासारखे चालायचे, आणि समोर चार डोकी दिसली की तेच हात दुसऱ्या कुणाचे तरी होऊन बसायचे. सुतळी हे नावही काकांनीच ठेवलेलं. तार म्हणावी इतकी ताठ नाही आणि दोरी म्हणावी इतकी जाड नाही, असं ते म्हणायचे, आणि दुसऱ्या वेळी ती उठून आली तेव्हा ते नाव उगाच ठेवलेलं नाही असंही म्हणाले होते.

आत्या लोकांना पोहायला शिकवायची. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, ही म्हण इतर लोक नुसती म्हणतात. आत्याने आजवर शेकडो माणसांना प्रत्यक्ष ढकलून दाखवलं होतं. मात्र एकदम खोल पाण्यात नाही. दोन वर्षांपूर्वी तिने भाचीसाठीही तशाच पायऱ्या आखल्या. आधी फक्त बाबांसमोर वाजवायचं. मग बाबा आणि दादा. मग काका. मग समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, मग त्यांचे पाहुणे. दर रविवारी संध्याकाळी घरालगतच्या दुरुस्तीच्या कारखान्यात उघड्या पोटाच्या पियानोंच्या मध्ये खुर्च्या मांडायच्या, दिवे लावायचे. दुकानाच्या बाजूने यायचं, चालताना केसांना हात लावायचा नाही, वाकून नमस्कार करायचा, बसायचं, एक श्वास पूर्ण सोडायचा आणि मगच सुरू करायचं. चूक झाली तर चेहऱ्यावर आणायची नाही. "चुकलीस की तू असं तोंड करतेस, जसा काही कुणाच्या पायावर पाय दिलाय," आत्या म्हणायची. "लोकांना चूक कळत नाही गं. त्यांना तुझं तोंड कळतं."

आणि गुण आला होता. हातांना घाम सुटायचा थांबला. खुर्चीपर्यंतची वाट लांबलचक वाटेनाशी झाली. आत्याला वाटायचं, हे आपल्या पायऱ्यांमुळे. सुतळीला मात्र पक्कं ठाऊक होतं, की हे बाबांच्या शेऱ्यामुळे.

त्या कारखान्यात आजोबांच्या वेळेपासून एक रीत होती. पियानो जुळवून झाला, की ज्याने जुळवला त्याच्या आधी कुणी तोंड उघडायचं नाही. तीच रीत रविवारच्या बैठकीला लागू झाली होती. सुतळीचं वाजवून झालं, की सगळे बाबांच्या तोंडाकडे बघत बसायचे. बाबा घाई करत नसत. ते सुतळीच्या डोक्यावरून कुठेतरी पलीकडे बघत राहायचे, जणू संपलेलं सगळं मनात पुन्हा ऐकताहेत, आणि मग एकच वाक्य बोलायचे. "डावा हात जड झाला." "मधला भाग पळवलास." आणि कधीतरी, महिन्या दोन महिन्यांतून, "आज स्वच्छ." खोटं कौतुक हा त्यांचा पिंड नव्हता. शहरातल्या बड्या बड्या वादकांना त्यांनी तोंडावर सुनावलं होतं. म्हणून त्या दोन शब्दांवर सुतळी महिनामहिना जगायची. भीती वाटली की ती मनात म्हणायची, बाबांच्या कानाला स्वच्छ वाटलंय, मग स्वच्छच असणार. उद्याच्या कार्यक्रमासाठी सभागृहाला होकार दिला होता तो त्याच भरवशावर.

आणि आज, उद्यावर कार्यक्रम आलेला असताना, काकांनी त्या सभागृहाच्या व्यवस्थापकांनाच बैठकीला बोलावून आणलं होतं. दुकान काका सांभाळायचे. पुतणी कशी तयार झालीय हे दाखवावं आणि जमलं तर सभागृहाचे दोन जुने पियानोही दुरुस्तीला मिळवावेत, असा त्यांचा बेत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आधी घसा साफ केला, मग हातातल्या टोपीकडे पाहिलं, मग काकांना हळू आवाजात सांगितलं, की मनाला लावून घेऊ नका, असं होतं. उद्यासाठी दुसरी एक मुलगी तयार ठेवलेली आहे. तिला आजच कळवायला हवं, म्हणून निघण्याआधी काय ते एकदा सांगा. काकांनी त्यांना कॉफीच्या निमित्ताने दुकानात नेलं. जाताना त्यांनी मोठ्या भावाकडे असं पाहिलं, की सुतळीने मान खाली घातली.

पुढे जे झालं ते आत्याने केलं, आणि एक शब्दही न बोलता ठरवलं. ती खुर्चीवरून उठली, बाबांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने त्यांना लहानपणीच्या नावाने हाक मारली. तरण तलावाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाला थोपवणारा तो आवाज. उघड्या पियानोंच्या तारासुद्धा बारीक झणझणल्या. दुकानातून काका धावत दारात आले.

बाबा समोर सुतळीकडेच बघत होते. त्यांची पापणीही हलली नाही.

 आत्या मागच्या खुर्चीवर बसली आणि बसूनच राहिली. सुतळीला वाटलं, आपण अजून त्या मधल्या थांब्यातच आहोत. पुढचं काही सुरूच झालेलं नाही आणि हे सगळं त्या थांब्यात आपल्याला उगाच दिसतंय.

"कधीपासून?" काकांनी विचारलं. ते दादाला विचारत होते. बाबांना विचारून उपयोग नाही हे त्यांना एवढ्यातच कळलं होतं.

दादाने सांगितलं. आधी वरचे सूर गेले, बारीक तारांचे. मग माणसांचं बोलणं. गेली दोन वर्षं जवळजवळ काहीच नाही. समोरच्याच्या ओठांवरून कळतं, आणि उरलेलं आई सांभाळून घेते. डॉक्टरांनी यंत्र दिलं होतं, ते कपाटात पडून आहे. कानात यंत्र घातलेल्या माणसाला पियानो जुळवायला कोण बोलावणार होतं?

"मग जुळवतं कोण?"

"मी."

 दादा बाबांची हत्यारांची पेटी उचलून त्यांच्या मागे मागे जातो, आज्ञाधारक मुलगा आहे पण हात अजून कच्चा, असं काका आल्यागेल्याला सांगायचे. मागच्याच आठवड्यात एका बंगल्यातला पियानो बघून आल्यावर ते दादाला म्हणाले होते, की बघ, याला म्हणतात हात, बापाकडून एवढं शीक म्हणजे झालं. दादाने तेव्हा मान डोलावली होती. आता ते आठवून काकांचा चेहरा कानापर्यंत तापला, आणि चेहरा तापला की काकांना ओरडायची सवय होती.

ते ओरडले. त्यांनी दादाला लबाड म्हटलं, वहिनीला आतल्या गाठीची म्हटलं, चाळीस वर्षं राबून उभं केलेलं दुकान तुम्ही दोघांनी मिळून वाऱ्यावर सोडलंत म्हणाले. उद्या हे बाहेर फुटलं तर कुत्रं विचारणार नाही. दादा इतके दिवस गप्प राहणारा मुलगा, पण तोही आज गप्प बसला नाही. एक तरी गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं का, एवढंच त्याने विचारलं. त्यावर काका आणखी मोठ्याने बोलले. आत्या आधी काकांच्या बाजूची होती. मला, सख्ख्या बहिणीला, सांगावंसं वाटलं नाही कुणाला, हे तिने दोनदा म्हटलं. मग तिची नजर बाबांकडे गेली आणि तिने काकांना गप्प बसायला सांगितलं.

बाबा त्या सगळ्यांच्या मध्ये उभे होते. एकाच्या तोंडाकडे बघेपर्यंत दुसऱ्याचं सुरू व्हायचं, दुसऱ्याकडे वळेपर्यंत तिसऱ्याचं. मुलं चेंडू झेलतात आणि मधल्याला तो मिळत नाही, तसं त्यांचं झालं होतं. एवढा मोठा माणूस, ज्याच्या आधी त्या खोलीत कुणी बोलत नसे, त्याला स्वतःबद्दल काय बोललं जातंय ते पकडता येत नव्हतं. सुतळीला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी त्यांचा भयंकर रागही आला. दोन्ही एकदम येतात तेव्हा माणसाला काय करावं कळत नाही. ती उठली आणि त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, मग शेरे?" तिने विचारलं. तिचे ओठ थरथरत होते, म्हणून तिने पुन्हा सावकाश विचारलं. "तुम्हाला ऐकूच येत नव्हतं, तर शेरे कुठून यायचे?"

 हा प्रश्न अजून कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. दादाही चमकला. त्याला वाटत होतं, की बाबांना जाड सूर थोडेफार कळत असतील, पायाला लाकूड थरथरलेलं जाणवत असेल, अनुभवाने काही अंदाज येत असेल. पण डावा हात जड झाला हे अंदाजाने सांगता येत नाही. मधला भाग पळवला हे पायाला कळत नाही. आणि बाबांचा शेरा एकदाही चुकीचा नव्हता. ज्या दिवशी ते "स्वच्छ" म्हणाले, त्या दिवशी खरोखरच स्वच्छ झालं होतं.

 बाबांनी सुतळीच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. ते नेहमी बघायचे तसंच, तिथेच. या वेळी सुतळीने मागे वळून त्यांच्या नजरेचा माग घेतला.

दारात आई होती. आता ती वळली होती. हातात काचा पुसायचं फडकं होतं.

सुतळी वाजवायला बसायची तेव्हा ते दार तिच्या डाव्या खांद्यामागे असायचं. आई तिथे उभी असते हे तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. आई दारात उभी राहून काही ना काही करत असायची. घड्या घाल, काहीतरी पूस, काहीतरी निवड. म्हणूनच तिच्याकडे कुणी बघत नसे. शिवाय आईला पियानो सोसत नाही, हे घरातलं जुनं सत्य होतं. लग्नाआधी ती स्वतः वाजवायची. एकदा भर सभागृहात तिचं वाजवणं मध्येच थांबलं, आणि तेव्हापासून तिने पट्टीला बोट लावलं नव्हतं. ती गोष्ट काका प्रत्येक समारंभात सांगायचे. त्या संध्याकाळी पियानो जुळवायला बाबाच होते, तरुण आणि नवखे. एक पट्टी अडकली, मुलीचं वाजवणं थांबलं, आणि बाबांनी स्टेजवर येऊन सगळ्यांसमोर हात जोडून सांगितलं, की चूक माझी. पुढे वर्षभर त्यांना एकाही सभागृहाने दारात उभं केलं नाही, पण ती मुलगी मात्र मिळाली. अण्णांनी एक पट्टी अडकवली आणि बायको सोडवून आणली, असं मोठ्या भावाबद्दल म्हणून काका हसायचे, आणि बाकीचे ऐकून ऐकून पाठ झालं तरी हसायचे.

"डावा हात जड झाला की मी मनगट चोळायचे," आई म्हणाली. ती कुणाकडे बघत नव्हती. "पळवलंस की घड्या भराभरा घालायचे. चांगलं झालं की हातातलं सगळं खाली ठेवायचे. ते बघायचे आणि सांगायचे."

काका काहीतरी बोलायला गेले. आत्याने त्यांच्या दंडाला धरून त्यांना खाली बसवलं.

सुतळीला ऐकू येत होतं, पण ते तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता. दोन वर्षांतला एकेक रविवार तिच्या डोळ्यांसमोर उलटा होऊन पडत होता. ज्या नजरेला ती विचार समजायची ती नजर आईचे हात वाचत होती. बाबांच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय आई त्यांच्याशी बोलत नसे, त्याचं सगळ्या घराला कौतुक होतं. या वयातही काय प्रेम आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणायच्या. तो स्पर्श म्हणजे हाक होती. आणि ज्या एका कानाच्या भरवशावर ती उद्या सातशे माणसांसमोर जाणार होती, तो कान नव्हताच. पायाखालची फळी कुणी काढून घेतली असती तरी तिला एवढा हिसका बसला नसता, कारण फळी होती असं निदान म्हणता तरी आलं असतं.

"म्हणजे दोन वर्षं मी भिंतीला वाजवून दाखवत होते," ती म्हणाली.

"भिंतीला नाही," आई म्हणाली. "मला."

"मग मला सांगायचं होतंस तू!"

आईने मान हलवली. तिला सांगता आलं नसतं, आणि का ते ती सांगू लागली. बाबांनी तिच्या ओठांवरून पहिले दोन शब्द पकडले आणि ते घाईघाईने मध्ये पडले. ते कशाला आता, जुनं झालं ते, असं त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले. आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना बाजूला केलं. घरात आजवर असं कुणी केलेलं सुतळीने पाहिलं नव्हतं.

"त्या दिवशी कुठलीच पट्टी अडकली नव्हती," आई म्हणाली. "पियानो चोख होता. यांनी जुळवलेला. मला पुढे वाजवता आलं नाही, एवढंच. लोक बघत होते आणि माझे हात उठेनात. हे आतून बघत होते. बाहेर आले, झाकण उघडून बघितल्यासारखं केलं, आणि म्हणाले की चूक माझी. कामं गेली यांची. मी कधीच कुणाला खरं सांगितलं नाही. हेही बोलले नाहीत. मग यांचे कान गेले तेव्हा मी म्हटलं, आता माझी पाळी."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतकी वर्षं चारचौघांत सांगून हशे मिळवलेली ती गोष्ट खोटी निघाली होती. वहिनीला मघाशी काय काय बोललो ते त्यांना आठवत असावं. त्यांनी वर पाहिलंच नाही.

"आणि मला का नाही सांगितलं?" सुतळीने बाबांना विचारलं.

बाबांनी तिचे ओठ नीट वाचले. या वेळी ते दाराकडे बघत नव्हते.

"तू दोनदा उठून आलीस," ते म्हणाले. "मग पियानोचं झाकणच लावून टाकलं होतंस. आठवतंय? माझ्या शेऱ्यासाठी म्हणून परत बसायला लागलीस. मी म्हटलं, हिचं एवढं चालू राहू दे. आज सांगू, उद्या सांगू."

सुतळीला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिच्या मनात आता एकच प्रश्न उरला होता आणि तो बाबांसाठी नव्हता. ती आईकडे वळली. "आज पाठ का फिरवलीस?"

 आईने फडकं शेजारच्या उघड्या पियानोच्या कडेवर ठेवलं.

"तीच रचना होती गं माझी. तू निवडलीस तेव्हा मी काही बोलले नाही. आणि जागाही तीच. हात उचलायचे आणि डाव्याने निघायचं. दर रविवारी तू ती जागा ओलांडलीस की मी श्वास सोडते. आज तू थांबलीस आणि मला बघवलं नाही. मी तोंड फिरवलं, यांना काही कळलं नाही, तुझे हात मांडीवर दिसले, म्हणून यांनी टाळ्या वाजवल्या. एवढंच झालंय."

एवढंच, असं ती म्हणाली, आणि आत्या डोळे पुसायला लागली.

दुकानाच्या बाजूने पावलं वाजली. व्यवस्थापक टोपी घालून दुकानाच्या दारात उभे होते. त्यांना आत काय झालं हे कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं कळण्याइतका आवाज झाला होता. त्यांनी काकांकडे प्रश्नार्थक पाहिलं. काकांनी उठून, कुणाला न विचारता सांगून टाकलं, की त्या दुसऱ्या मुलीलाच कळवा. आमच्याकडे जरा अडचण आहे. त्यात आता राग नव्हता. घरातलं आणखी काही उद्या सातशे लोकांसमोर फुटू नये, एवढंच त्यांना वाटत होतं. आत्या लगेच उठली. मुलीचं मुलीला बोलू द्या, असं ती म्हणाली. दादाही तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो काकांच्या समोरच्या बाजूला उभा होता. काकांनी त्याला डोळे दाखवले, पण तो हलला नाही.

सुतळी आईकडेच बघत होती.

"पुढे कसं जायचं तिथून?" तिने विचारलं. "तू इतकं ऐकतेस. सांग ना मला. हात निघाला नाही तर काय करायचं?"

"मला नाही माहीत," आई म्हणाली. "मी त्याच्या पुढे कधी गेलेच नाही. तू दरवेळी गेलीस. तुला माहीत आहे."

 शेरा देणारा एक माणूस सुतळीकडून आज काढून घेतला गेला होता. त्याच्या जागी दुसरा मिळेल असं तिला क्षणभर वाटलं होतं, आणि तो दुसरा माणूस म्हणत होता, की माझ्यापेक्षा तूच पुढे आहेस. आता विचारायला कुणी उरलंच नाही. ती भीती ओळखीची नव्हती. स्टेजवरची भीती पोटात असायची. ही सगळीकडे होती, आणि विचित्र गोष्ट म्हणजे ती उभी राहू शकत होती.

तिने आईचा हात धरून तिला पहिल्या रांगेत, बाबांच्या शेजारच्या खुर्चीत नेऊन बसवलं. आई नको नको म्हणत होती. इतक्या वर्षांत ती त्या खुर्च्यांपैकी एकीवरही बसली नव्हती. मग सुतळी पियानोपाशी गेली, बसली आणि पहिल्यापासून सुरू केलं. व्यवस्थापक दुकानाच्या दारातच थांबले.

सुरुवातीलाच एक सूर चुकला. दुसऱ्या पानाला आणखी एक. तिला दोन्ही ऐकू आले आणि ती पुढे गेली. ती जागा आली तेव्हा तिने हात उचलले. सगळं गप्प झालं. खोलीत माणसं होती. काका होते, आत्या होती, दादा होता, दारातला परका माणूस होता, काही न ऐकणारे बाबा होते आणि सगळं ऐकणारी आई. ती सगळी तिला एकेक करून जाणवली. गप्पपणा हवा होता त्याहून बराच लांबला, ही तिसरी चूक.  मग तिचा डावा हात गेला, घाबरत गेला, पण गेला, आणि त्याच्या मागे उजवाही गेला.

शेवटचे सूर अगदी हळू होते. ते विरेपर्यंत तिने हात पट्ट्यांवरच ठेवले.

सगळे सवयीने बाबांकडे वळले. बाबांनी सवयीने आतल्या दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं. मग त्यांनी शेजारी पाहिलं. आई दोन्ही हातांत तोंड लपवून रडत होती आणि तिच्या हातांवरून काही वाचण्यासारखं नव्हतं. बाबा गोंधळले. एवढा वेळ धरून ठेवलेला त्यांचा चेहरा सैल पडला आणि ते एकदम म्हातारे दिसले. शेवटी त्यांनी सुतळीकडेच पाहिलं.

"कसं झालं?" त्यांनी तिला विचारलं.

सुतळीने त्यांच्याकडे तोंड केलं, त्यांना दिसावं म्हणून दिव्याखाली सरकली आणि सावकाश बोलली.

"तीन ठिकाणी चुकले. उद्या वाजवणार आहे."

बाबांनी ते ओठांवरून वाचलं. मग ते खुर्चीत मागे वळले आणि त्यांच्या त्या रस्त्यापलीकडे जाणाऱ्या आवाजात व्यवस्थापकांना म्हणाले, "उद्या वाजवणार आहे म्हणते."

व्यवस्थापकांनी ते आधीच ऐकलं होतं. तरी त्यांनी टोपी काढली आणि बाबांना दिसेल अशी मान डोलावली.